हरणाचे मागचे पाय

माझी नात यंदा दहावीत आहे. त्यामुळे घरातले सगळे अभ्यासाच्या काळजीत असतात. ती तेवढी नसते. ती मोबाइलवर मालिका बघते. मालिका हायस्कुलातलीच आहे. तिच्या पाठीमागे उभं राहून, चष्मा शोधण्याच्या निमित्तानं, मीही तिचे पाच-सहा भाग पाहिले. त्या शाळेत एक मुलगा आहे, एक मुलगी आहे, आणि त्याच मुलीवर डोळा ठेवून असलेला दुसरा मुलगा आहे. वर्ग आहे, फळा आहे, फळ्यावर तारीखसुद्धा आहे; पण एवढ्या भागांत कोणी बीजगणिताचं एक उदाहरण सोडवलेलं माझ्या पाहण्यात नाही.

परवा नातीनं मान वळवून एकदम विचारलं, "आबा, तुमच्या वेळी होतं का हो असं काही?"

"छे! आमच्या वेळी फक्त अभ्यास होता," असं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. आजोबा झाल्याबरोबर हे उत्तर आपोआप जिभेवर येतं, जशी केसांत पांढरी छटा येते. पण त्या क्षणी माझं डोकं एकदम खाजलं. नेमक्या त्याच जागी, जिथं १९७३ च्या डिसेंबरात एका मुलीचा हात पडला होता. म्हटलं, खोटं बोलण्यापेक्षा इतिहास सांगितलेला बरा.

तर इतिहास.

आमचं गाव कारंजा लाड. आज ते वाशीम जिल्ह्यात आहे; १ जुलै १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होतं. गाव न हलता जिल्हा बदलला, ही सरकारची किमया. दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस आणि दारव्हा वेस अशा चार वेशींचं हे गाव. करंज नावाच्या ऋषींवरून गावाचं नाव पडलं असं म्हणतात, आणि त्यांच्यासाठी देवीनं निर्माण केलेला ऋषी तलाव अजून दाखवतात. गावाचे सर्वांत थोर सुपुत्र म्हणजे श्रीनृसिंहसरस्वती. तेही मुंजीनंतर घर सोडून संन्यासाच्या वाटेला लागले. भरीला १९१८ साली गावात श्रीमहावीर ब्रह्मचर्याश्रम निघाला. वाचकहो, एका बाजूला ऋषी, दुसऱ्या बाजूला संन्यासी आणि मध्ये ब्रह्मचर्याश्रम, अशा गावात सोळाव्या वर्षी प्रेमात पडायचं म्हणजे किती प्रतिकूल परिस्थितीशी झगडावं लागत असेल, याची कल्पना करा!

नाटकाची परंपरा मात्र गावाला जुनी आहे, असं माझं स्वतःचं संशोधन आहे. १६७० च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजा वऱ्हाडात आल्या आणि त्यांनी कारंजा लुटलं. सोनं, चांदी, जर आणि उंची कापड चार हजार बैलांवर नि गाढवांवर लादून नेलं, असं जदुनाथ सरकारांनी लिहिलं आहे. गावातले सगळे धनिक खंडणीसाठी धरून नेले. सुटला फक्त एक, आणि तोही सगळ्यांत बडा. हा गृहस्थ बाईचा वेष करून निसटला. स्त्रियांच्या वाटेला जायचं नाही ही महाराजांची सक्त शिस्त. तिचा त्यानं बरोबर फायदा घेतला. इतिहासकार या प्रसंगाची नोंद एका वाक्यात आटोपतात. मी मात्र त्याला आमच्या गावचा पहिला स्त्रीपार्टी नट मानतो. पुढे विष्णुदास भाव्यांनी सांगलीला १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा कारंज्याचा माणूस लुगडं नेसून पावणेदोनशे वर्षं होत आली होती. शिवाय या नटाला टाळ्या नकोत, वन्समोअर तर मुळीच नको. कोणी ओळखलं नाही हेच त्याचं यश.

त्या अज्ञात पूर्वजाच्या गादीवर मी आठवीत असताना बसलो. आमच्या शाळेत मुलं-मुली एकाच वर्गात बसत, पण दोहोंच्या मधल्या वाटेतून बैलगाडी जाईल एवढी जागा सोडलेली असे. स्नेहसंमेलनात मुली स्वागतगीत म्हणत आणि रांगोळी काढत. नाटकात त्यांची कामं मुलगे करत. माझा आवाज फुटायला उशीर लागला आणि मिशीनं तर फारच दिरंगाई केली. म्हणून आठवीत नि नववीत नायिका मी. नायक माझ्याच बाकावरचा एक धिप्पाड पोट्टा. दोन वर्षं रंगमंचावर आमचा संसार झाला. नाटकात मी त्याच्या विरहानं व्याकूळ होई. नाटक संपलं की तो माझा डबा खाई.

याची लाज वाटण्याचं काही कारण नव्हतं. साक्षात बालगंधर्व आमच्या पाठीशी होते. त्यांनी नेसलेल्या साडीची तऱ्हा मुंबई-पुण्याच्या बायका उचलत. १८८८ चा त्यांचा जन्म, आणि साठीच्या घरात येईपर्यंत ते नायिका करत राहिले. लोक याला हसतात; पण अमेरिकेत १९९० साली 'बेव्हर्ली हिल्स ९०२१०' नावाची हायस्कुलातली मालिका निघाली, तीत सोळा वर्षांची शाळकरी पोर करणारी एक नटी २९ वर्षांची होती. तात्पर्य, सोळावं वर्ष हे अंगात असावं लागत नाही, ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असावं लागतं.

हेवेदावे म्हणाल, तर तेही थोरामोठ्यांत होतेच. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या कंपन्यांची स्पर्धा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक. पण टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी दोघं 'संयुक्त मानापमाना'त एकत्र उभे राहिले. हे धैर्यधर, ते भामिनी. स्पर्धकांनी एका नाटकात कसं उभं राहावं याचा हा धडा आहे. आमच्यावर मात्र स्पर्धकांनी एका कातड्यात कसं उभं राहावं हे शिकण्याची पाळी आली. ते पुढे येईलच.

१९७३ मध्ये मी दहावीत गेलो. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे. त्याच सप्टेंबरात 'बॉबी' निघाला. सिनेमा कारंज्यात यायला अवकाश होता, पण गाणी रेडिओवरून केव्हाच येऊन पोचली होती. नायिका खरीखुरी सोळा वर्षांची आहे, या बातमीनं आमच्या वर्गात जी खळबळ उडवली तिला तोड नाही. आतापर्यंत आम्हांला सोळावं वर्ष हे दहावीचं वर्ष आहे एवढंच सांगण्यात आलं होतं.

आणि त्याच वर्षी अमरावतीहून नवे मराठीचे सर आले. त्यांनी जाहीर केलं, "यंदा 'शाकुंतला'तले दोन अंक करायचे. आणि मुलीचं काम मुलगीच करील. 'आंधळ्यांची शाळा' १९३३ साली झालं. त्यात बायकांची कामं बायकांनी केली. चाळीस वर्षं झाली त्याला. आपली शाळा अजून किती दिवस आंधळी ठेवायची?"

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. एका वाक्यात माझी नोकरी गेली होती.

शकुंतला म्हणून जी निवडली गेली ती खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावरची. कापसाच्या अडत्याची मुलगी. तिनं धड्यातला उतारा नुसता उभं राहून वाचला आणि सर पुस्तक मिटून ऐकत राहिले. मीही ऐकत राहिलो. वाचन संपलं तेव्हा माझी अवस्था अशी होती: हिनं माझी जागा घेतली म्हणून मी तिच्यावर जळत होतो, आणि हिनं वाचतच राहावं म्हणून मनातल्या मनात हात जोडत होतो. वैर आणि प्रेम या दोन्ही गोष्टी मला एकाच तासाला, एकाच व्यक्तीविषयी झाल्या. बाजूला पाहिलं तर माझा दोन वर्षांचा 'नवरा'ही तोंड उघडं टाकून तिकडेच बघत होता. नवरा-बायको दोघंही एकाच मुलीच्या प्रेमात पडल्याचं उदाहरण कालिदासातदेखील नाही.

सरांनी माझ्यावर तिला 'बायकी चालणं' शिकवण्याची कामगिरी सोपवली. अनुभवी नट म्हणून! मी पदर सावरला, मान वेळावली, तीन पावलं चालून दाखवली. तिनं पाहून घेतलं. मुलगे नि मुली एकमेकांशी बोलत नसत, तेव्हा ती भिंतीकडे बघून म्हणाली, "सर, यांना विचारा, अशा कोणत्या बाया चालतात? आमच्या घरी तर कोणीच चालत नाही."

दोन वर्षांच्या माझ्या कलेचा असा निकाल लागला.

पुढचा घाव तिच्या वडिलांनी घातला. ते शाळेत आले, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "पोरगी काम करीन, माही काही ना नाही. पण थो दुष्यंत पोट्टा नाही पाहिजे. दुष्यंतबी पोरगीच पाहिजे." सरांनी बरीच समजूत घातली, पण ज्या गावात १८८६ पासून कापसाचा नियमबद्ध बाजार भरतो, त्या गावच्या अडत्याशी घासाघीस करून कोण जिंकणार? नववीतली एक खणखणीत आवाजाची मुलगी दुष्यंत झाली. तिला मिशी लावली. म्हणजे १६७० साली पुरुषानं लुगडं नेसून कारंजा सोडलं, त्याची परतफेड ३०३ वर्षांनी एका मुलीनं मिशी लावून केली.

आम्ही दोघं माजी नायक-नायिका बेकार झालो. सरांना दया आली. म्हणाले, "चौथ्या अंकात हरीण आहे. शकुंतला सासरी निघते तेव्हा तिनं वाढवलेलं पाडस तिचा पदर ओढतं. हरणाला चार पाय असतात. तुम्ही दोघं आहात."

हरीण बाजारातल्या बारदानाचं शिवलं. पोटात सरकी काढलेला कापूस भरला. चित्रकलेच्या सरांनी त्यावर चुन्याचे ठिपके दिले, शास्त्राचे सर म्हणाले, "कारंज्याच्या रानात काळवीट आहे, चितळ कुठून आणलंत?" हा वाद बरेच दिवस चालला. (शास्त्राच्या सरांचं म्हणणं सरकारनं २००० साली मान्य केलं, आणि कारंजा-सोहोळ हे काळविटांचं अभयारण्य जाहीर झालं. पण तोवर आमचं हरीण उंदरांनी खाल्लं होतं.)

खरा वाद पुढचे पाय कोणी व्हायचं याचा. पुढच्या पायांना डोळ्यांची भोकं होती. पुढचे पाय तिला बघणार, पदर ओढणार. मागच्या पायांना दिसणार फक्त पुढच्या पायांची चड्डी. शिवाय वडिलांची अट दुष्यंताला होती, हरणाला नव्हती. आम्ही दहा पैशांचं नाणं उडवलं. तो जिंकला. आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी हरलो, पण वाकून हरलो तो तेवढा एकदाच.

संमेलनाच्या रात्री सगळं गाव लोटलं होतं. चौथा अंक सुरू झाला. मला दिसत काही नव्हतं, पण ऐकू येत होतं. ती आश्रमातल्या झाडांचा निरोप घेत होती आणि समोरच्या बायकांच्या नाकांचा आवाज सुरू झाला होता. मग हरीण निघालं. पुढच्या पायांनी चार पावलं टाकली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून ते जागच्या जागी थिजले. मागच्या पायांना याची खबर नाही. ते चालतच राहिले. हरीण मध्येच दुमडलं, शिवण उसवली आणि आतून कापसाचा मोठा गोळा बाहेर आला. त्याच्या मागोमाग माझं डोकं.

प्रेक्षकांत हसू फुटायला सुरुवात झाली. आणखी एक क्षण, आणि कालिदासाचं वाटोळं होतं. पण ती तशीच खाली बसली. एका हातानं तिनं बारदान ओढून माझं डोकं झाकलं, वरून थोपटलं आणि हळूच म्हणाली, "बाळा, ती दर्भानं झालेली जखम अजून भरली नाही का रे? आता तुला तेल कोण लावील?"

हे वाक्य सरांनी लिहिलेलं नव्हतं. पाडसाच्या तोंडाला दर्भ लागला होता आणि शकुंतलेनं त्याला तेल लावून बरं केलं होतं, हे मात्र कालिदासाचंच. तिनं मूळ गोष्ट कुठूनतरी वाचून ठेवली होती, आणि ऐन वेळी ती त्या भोकातून बाहेर काढली. हसू जागच्या जागी विरलं. पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या वडिलांनी उपरणं डोळ्यांना लावलं, असं मला नंतर कळलं. मी अंधारात वाकून उभा होतो. थोपटलं हरणाला, पण डोकं माझं होतं. पुढच्या पायांचे हुंदके मला पाठीतून जाणवत होते.

त्यानंतर आठ दिवस मी तेल लावलं नाही.

पुढची गोष्ट मालिकेसारखी नाही. १९७४ च्या मे महिन्यात तिचं लग्न ठरल्याचं कळलं. तेव्हा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय पंधरा होतं. ते अठरा झालं १९७८ मध्ये. ती सोळाची, म्हणजे कायद्याचंसुद्धा काही म्हणणं नव्हतं. सासर दारव्ह्याकडचं. त्याच महिन्यात ८ तारखेपासून देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. मागण्या काय होत्या ते मला नीटसं ठाऊक नव्हतं, पण त्या संपाला माझा मनापासून पाठिंबा होता. दुर्दैवानं महिना संपायच्या आत तो मिटला.

मूर्तिजापूर-यवतमाळ ही आमची अडीच फुटी रुळांची गाडी. ११३ किलोमीटरांचं अंतर ती सावकाश कापी. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं. या गाडीचं नाव काय, ते वऱ्हाडातल्या वाचकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो: शकुंतला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये रंगभूमीवर आणलेली शकुंतला एका रात्रीत पतीगृही निघे. आमच्या शकुंतलेला स्टेशन सोडायलाच तेवढा वेळ लागे.

जूनमधल्या त्या दिवशी मी सहज फिरत फिरत स्टेशनवर गेलो. तिथं खांबाआड पुढचे पाय उभे.

"काय बे, तू कायले आला?"

"आलो असाच. तू कायले आला?"

मग आम्ही दोघं काही न बोलता शेजारी उभे राहिलो. सवयीनं तो पुढे, मी मागे. गाडी हलली. खिडकीत ती होती. तिनं आम्हांला पाहिलं की नाही, हे मी आजतागायत ठरवू शकलेलो नाही. ती गाडी आता बंद पडली आहे. रूळ आहेत, त्यांच्यामध्ये गवत आहे. हरणांची सोय झाली.

मध्ये पुष्कळ काळ गेला. १९९८ साली झी टीव्हीवर 'हिप हिप हुर्रे' सुरू झाली, तेव्हा माझी मुलं ती बघत आणि मी पेपराआडून बघे. मिलिंद बोकीलांची 'शाळा' २००४ मध्ये आली. आणीबाणीच्या काळातली नववीतली पोरं, त्यातला जोशी आणि त्याची शिरोडकर. ती मी एका बैठकीत वाचली. तिच्यावरचा सिनेमा २०१२ मध्ये लागला, तो मात्र एकट्यानं जाऊन पाहिला. सौ.ला म्हटलं, बँकेत काम आहे.

आणि चार वर्षांपूर्वी आमच्या तुकडीचा मेळावा भरला. ती आली होती. पांढरे केस, हातात काठी, बरोबर नातू. मी धीर करून पुढे गेलो आणि म्हणालो, "ओळखलंत का? 'शाकुंतला'त मी हरीण होतो."

तिनं निरखून पाहिलं. "पुढचे पाय की मागचे?"

सांगतो, त्या क्षणी मला फार मोह झाला. पुढचे पाय बिचारे वारले होते, खोटं उघडकीला येण्याची भीती नव्हती. पण दोन वर्षांचा संसार आठवला. म्हटलं, "मागचे."

ती मनापासून हसली. मग म्हणाली, "त्या रात्री सर म्हणाले होते, ही पोरगी मोठी नटी होईल. घरी गेल्यावर बाबाही म्हणाले, चांगलं केलंस. आणि दुसऱ्याच महिन्यात स्थळं पाहायला लागले. म्हणाले, आता गावानं पाह्यलं, आता थांबता येत नाही." थोडं थांबून म्हणाली, "पुन्हा कधी स्टेजवर पाय ठेवला नाही हो. घरात नातवंडांना गोष्टी सांगते, तेवढंच."

मी परत आलो. एवढी वर्षं मी ही हकिकत 'माझी' म्हणून जपली होती. माझी गेलेली भूमिका, माझं प्रेम, माझं डोकं. त्या गोष्टीत जे खरोखर गेलं होतं ते दुसऱ्याचंच होतं, हे मला तोवर दिसलं नव्हतं. मागच्या पायांना दिसत नाही हेच खरं.

नातीला मी हे सगळं सांगितलं. तिनं मालिका थांबवून ऐकलं. मग दप्तरातून एक कागद काढला. शाळेत नाटक बसतंय, तालमी रात्री आठपर्यंत, पालकांची सही पाहिजे. तिच्या बापानं दोन दिवस तो कागद फ्रिजवर ठेवून दिला होता. "दहावीचं वर्ष आहे, शिवाय रात्रीची वेळ, पाहू," असं त्याचं चाललं होतं. मी पेन मागितलं आणि 'पालक' या शब्दासमोर माझं नाव नीट अक्षरांत लिहिलं. मुलाला म्हटलं, "आणायला आठ वाजता मी जाईन. आणि नाटक चांगलं झालं तरी घरात कोणी काही पाहायला लागायचं नाही."

नात खूश झाली. जाता जाता कुरकुरली, "पण आबा, माझ्यासमोर जो मुलगा आहे ना, त्याला काही येत नाही. वाक्य विसरतो, नुसता बघत उभा राहतो."

मी म्हटलं, "त्याला हरीण करायला सांग."